बेल्ह्याबाहेरचे बेल्हेकर

बेल्हे हे जुन्नर तालुक्याच्या पूर्वेकडचे बाजाराचे गाव. कल्याणहून माळशेज घाट चढून ओतूर, आळेफाटा करत अहिल्यानगरकडे जाणारा महामार्ग बेल्ह्यावरून जातो आणि पुढे आणे घाट व पठार ओलांडले की पारनेर तालुका लागतो. सोमवारचा आठवडे बाजार आणि त्यातला बैलबाजार यांमुळे हे नाव जुन्नर-आंबेगावच्या पलीकडेही शेतकऱ्यांच्या तोंडी असते. गावाभोवतीच्या वस्त्यांची नावे पाहा. गुंजाळवाडी, बांगरवाडी, तांबेवाडी. गुंजाळ, बांगर, तांबे ही आडनावे आधी होती आणि त्या घरांनी जिथे बस्तान बसवले ती जागा त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. आता याच्या उलट दिशेचे आडनाव घ्या. बेल्हेकर. इथे गाव आधी आणि आडनाव नंतर. हे आडनाव जिथे जमिनीला चिकटून राहिले ते ठिकाण मात्र बेल्ह्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, नेवासे तालुक्यात आहे. त्या गावाचे नाव बेल्हेकरवाडी. एका गावाने माणसांना आडनाव दिले आणि त्या आडनावाने दुसऱ्या जिल्ह्यात आपले गाव वसवले, असा हा पूर्ण फेरा आहे. मराठी आडनावांचा इतिहास कसा वाचावा, हे शिकवणारे याहून सुटसुटीत उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

‘कर’ लागलेले आडनाव ऐकले की आपण सारे एकच गोष्ट गृहीत धरतो, की हे घराणे त्या गावचे. हे चूक नाही, पण अर्धेच आहे. माझे म्हणणे असे की असे आडनाव मुळात गाव सुटल्याची नोंद आहे. बेल्ह्यात राहणारा प्रत्येक जण बेल्ह्याचाच, त्यामुळे बेल्ह्याच्या पारावर कोणाला बेल्हेकर म्हणून हाक मारण्यात अर्थ नाही, त्या हाकेला निम्मे गाव ओ देईल. तिथे माणूस ओळखला जातो तो बापाच्या नावाने, भावकीने, वतनाने, नाहीतर धंद्याने. ‘बेल्ह्याचा’ ही ओळख उपयोगाची होते ती बेल्हे जिथून दिसत नाही अशा गावात. तिथले लोक नव्याने आलेल्या घराला ‘ते बेल्हेकर’ म्हणू लागतात, पुढच्या पिढीत ‘ते’ गळते आणि बेल्हेकर उरते. म्हणजे आडनावात नाव पहिल्या गावाचे असले तरी ते ठेवणारे लोक दुसऱ्या गावचे असतात. आपण पहिल्या गावाची चौकशी करतो आणि या दुसऱ्या गावाला विसरतो, तिथेच घराण्याच्या इतिहासाचा धागा हातातून सुटतो.

हा नियम मराठी मुलखापुरता नाही. स्पेनमध्ये तोलेदो, आविला, सोरिया, मेदिना ही शहरांची नावे आडनावे म्हणून चालतात, नावार्रो म्हणजे नावारा प्रांतातला. तिथेही तर्क तोच लागतो. तोलेदो शहरात कोणाला तोलेदो म्हणून वेगळे काढता येत नाही, ते नाव शहर सोडून दुसरीकडे गेलेल्याला शेजाऱ्यांनी दिलेले असते. आपल्या गुंजाळ-तांब्यांसारखी गावावर न बेतलेली आडनावे तिकडेही भरपूर. फर्नांदेस, गोन्सालेस, रोद्रिगेस यांत पूर्वजाचे नाव आहे, स्थळ नाही. त्यांचीच पोर्तुगीज भावंडे बाप्तिस्म्याबरोबर गोव्यात आली आणि आज ती आपल्या शेजारची आडनावे झाली आहेत. स्पेनच्या घराण्यांना एक मोठी सोय आहे. सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर चर्चच्या बाप्तिस्मा आणि विवाहाच्या वह्या नेमाने ठेवल्या जाऊ लागल्या, त्यामुळे कोणते घर केव्हा कुठल्या गावात दिसू लागले हे पुष्कळदा मागे जाऊन पाहता येते. आपल्याकडे तशी सलग वही नाही, म्हणून आडनावालाच पुरावा म्हणून बोलते करावे लागते.

ज्यांचा इतिहास जगजाहीर आहे अशी तीन घराणी तपासून पाहू. मल्हारराव होळकरांचा जन्म १६९३ चा, नीरेकाठच्या होळ गावचा. वडील लहानपणीच वारले, आई त्यांना घेऊन खानदेशात तळोद्याला भावाकडे गेली आणि मल्हारराव तिथे वाढले. होळ गावात राहून कोणी होळकर म्हणून गाजले नाही, ते नाव खानदेशात आणि माळव्यात गाजले. दीनानाथ मंगेशकरांच्या घराचे मूळ आडनाव हर्डीकर, मंगेशीच्या देवळातल्या अभिषेकाच्या सेवेवरून अभिषेकी. नाटकाच्या निमित्ताने गोव्याबाहेर पडलेल्या दीनानाथांनी मंगेशकर हे नाव घेतले. मंगेशीत राहणाऱ्या पुजाऱ्याला त्याची गरज नव्हती. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हर्डीकर हेही ‘कर’ आडनावच आहे. त्याच्यावर मंगेशकर चढले, म्हणजे एकाच घरात दोन स्थलांतरांचे दोन थर आहेत. आणि खुद्द मंगेशीचा देव कुशस्थळीहून १५६० मध्ये प्रियोळला हलवलेला. तिसरे घराणे सकपाळांचे. गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. रामजी सकपाळ लष्करात होते, मुलाचा जन्म महूच्या छावणीत झाला, पुढे दापोली, मग सातारा. १९०० साली साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले, त्याआधी आंबडवेकर असे रूप चालत होते. गावापासून इतके दूर, इतक्या मुक्कामांनंतर गावाचे नाव आडनावात आले. तिन्ही घरांच्या जाती वेगळ्या, धंदे वेगळे, शतके वेगळी. गाव सोडणे तेवढे तिघांत समान आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप राज्यकर्त्या घराण्यांचा. नागपूरकर भोसले नागपुरातच राहत, करवीरकर छत्रपती करवीरातच. मग गाव सोडल्याचा प्रश्न कुठे येतो? हा आक्षेप टाळून चालणार नाही. पण ही नावे कुठल्या कागदांत येतात ते पाहिले की उत्तर मिळते. भोसल्यांच्या शाखा अनेक होत्या. पुण्याच्या दप्तरात, साताऱ्याच्या पत्रव्यवहारात ‘कोणते भोसले’ हे सांगावे लागे, म्हणून नागपूरकर. नागपूरच्या वाड्यात त्यांना हे विशेषण लावायची वेळ येत नसे. म्हणजे माझे विधान थोडे दुरुस्त करायला हवे. माणसाने गाव सोडलेच पाहिजे असे नाही, पण त्याचे नाव गावाबाहेर गेलेले असले पाहिजे. साध्या कुणब्याचे नाव त्याच्या पायांबरोबरच बाहेर जाते, सरदाराचे नाव त्याच्याआधी पोचते. फलटणच्या निंबाळकरांचेही असेच आहे. मूळ कुळी पवारांची, निंबळक गावावरून निंबाळकर, आणि हे नाव प्रतिष्ठित झाले ते निंबळकाबाहेर, फलटणच्या गादीवर.

या रीतीचा जुना दाखला शोधायला जुन्नरकरांना दूर जावे लागत नाही. लेण्याद्रीच्या चैत्यगृहातला शिलालेख सांगतो की हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दान दिले. कल्याणच्या माणसाने कल्याणात दान दिले असते तर गावाचे नाव कोरण्याचे कारण नव्हते. तो नाणेघाटाच्या वाटेवर, परमुलखात होता, म्हणून बापाच्या नावाबरोबर गावही दगडात आले. कार्ल्याच्या लेण्यात वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल असाच भेटतो. वैजयंती म्हणजे उत्तर कर्नाटकातले बनवासी. ही आडनावे नव्हेत. सुलसदत्ताचा नातू ‘कल्याणकर’ म्हणवला गेला असे कोणी म्हणू नये. पण परक्या जागी माणूस आपले गाव सांगतो आणि लोक ते टिपून ठेवतात, ही सवय या डोंगरांत सुमारे दोन हजार वर्षांची आहे.

आता गुंजाळवाडी आणि बेल्हेकरवाडी यांतला फरक समजून घ्यायला जुन्या गावगाड्याकडे वळावे लागते. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ सालचे, पण त्यात वर्णन केलेली व्यवस्था कितीतरी जुनी. देशावरच्या गावात शेती करणारे दोन प्रकारचे असत. मिरासदार, म्हणजे वंशपरंपरेने जमिनीचा हक्क असलेला, ज्याला थळकरीही म्हणत. आणि उपरी, म्हणजे बाहेरून येऊन जमीन कसणारा. मिरासदारांच्या जमिनी थळांत वाटलेल्या असत आणि थळाला घराण्याचे नाव असे. घराणे बुडाले, परागंदा झाले तरी थळाचे नाव सहसा बदलत नसे, ती जमीन गतकुळी म्हणून नोंदली जाई. म्हणजे मिरासदाराचे आडनाव माणसावरून जमिनीवर जाई. गुंजाळ, बांगर, तांबे यांच्या वाड्या याच रीतीच्या. उपऱ्याचे उलटे होते. त्याला या गावात थळ नाही, भावकी नाही, त्याची एकच ओळख, तो कुठून आला. त्याच्या बाबतीत जमिनीचे नाव माणसावर येते. बेल्हेकर हे या अर्थाने उपऱ्याचे आडनाव आहे. ज्या दिवशी नेवाशाच्या बाजूला एका वस्तीला बेल्हेकरवाडी म्हणू लागले त्या दिवशी ते उपरेपण संपले, कारण आता हे आडनावही गुंजाळांसारखे जमिनीवर उतरले. उपरी ते मूळ रहिवासी हा सगळा प्रवास त्या एका ग्रामनामात साठलेला आहे आणि मला त्याचे फार अप्रूप वाटते. एखाद्या राजघराण्याच्या बखरीत जेवढा इतिहास असतो तेवढाच तो मोलाचा आहे, फरक एवढाच की तो शेतकऱ्यांचा आहे.

माणसे बेल्ह्यातून पूर्वेकडे का गेली असतील, याबद्दल भूगोल बरेच सांगतो. जुन्नरचा पश्चिम भाग सह्याद्रीचा, पावसाचा. बेल्हे-आण्याकडे यावे तसा पाऊस ओसरतो, आण्याचे पठार आजही टंचाईच्या यादीत असते. कुकडी प्रकल्पाची धरणे आणि कालवे अलीकडचे. त्याआधी या पट्ट्याला पावसाचाच भरवसा होता. १६३० चा दुष्काळ, ज्याने तुकोबांचे घर उद्ध्वस्त केले, १८०३-०४ चा, होळकरांच्या स्वारीपाठोपाठ आलेला, १८७६ ते ७८ चा, हे सारे देशावरून गेले आणि प्रत्येकाने गावे रिकामी केली. बेल्ह्याहून आण्याचा घाट चढून नगरवरून नेवाशाकडे, गोदावरीच्या अंगाला उतरता येते. या वाटेची जुनी आठवण लोकांनी दुसऱ्या रूपाने जपली आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये नेवाशात सांगितली गेली आणि ज्या रेड्यामुखी वेद वदवले त्याची समाधी बेल्ह्याशेजारच्या आळ्याला आहे, अशी श्रद्धा आहे. ही कथा इतिहास म्हणून घेण्याची गरज नाही. पण पैठण-नेवाशाकडून येणारी माणसे आळ्या-बेल्ह्यावरून जात, हे गृहीत धरल्याशिवाय ती कथा इथे रुजली नसती. जिथून येता येते तिथे जाताही येते.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा. ते म्हणतात, आडनाव ही इंग्रजी अमलाची देणगी आहे, शाळा, पलटण, कचेरी यांच्या रकान्यात काहीतरी भरायचे म्हणून माणसांनी गावाचे नाव सांगितले, त्यात इतिहास कसला शोधायचा? यात तथ्य आहे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी अलीकडे घरोघरी लोकांनी मोडीतल्या जुन्या जन्ममृत्यूच्या वह्या धुंडाळल्या, तेव्हा अनेकांना दिसले की पणजोबांच्या नावापुढे बापाचे नाव आणि जात आहे, आडनाव नाही. आडनावे बदलतही असत. महात्मा फुल्यांचे घराणे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा व्यवसाय केला म्हणून फुले. तेव्हा कागदाने आडनाव घट्ट केले हे मान्य. पण घट्ट करणे वेगळे आणि निर्माण करणे वेगळे. सरकारने आडनावे निर्माण केली की काय होते याचा नमुना फिलिपीन्समध्ये आहे. तिथला स्पॅनिश गव्हर्नर नार्सिसो क्लावेरिया याने २१ नोव्हेंबर १८४९ ला हुकूम काढून स्पॅनिश आणि स्थानिक नावांची अकारविल्हे छापील यादी गावोगाव पाठवली आणि लोकांनी त्यातून आडनावे घ्यावीत असे ठरवले. कुठे कुठे एकेका गावाच्या वाट्याला एकेक अक्षर आले, अल्बाय प्रांतातल्या ओआस गावात आजही ‘र’ने सुरू होणाऱ्या आडनावांची दाटी आहे. त्या आडनावांवरून घराणे कुठून आले हे कळत नाही, फार तर यादीचे कोणते पान त्या गावाला मिळाले ते कळते. आपल्याकडे अशी यादी कोणी पाठवली नाही. कारकुनाने रकाना आखला, भरले ते शेजाऱ्यांच्या तोंडी आधीच असलेले नाव.

उलट या आक्षेपातूनच एक उपयोगी कसोटी हाती लागते. विसाव्या शतकात जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागांतून हजारो माणसे मुंबईला गेली. गिरण्यांत, माथाडीत, डबेवाल्यांत. माझा नियम खरा तर मुंबईत या सगळ्यांचे बेल्हेकर, मंचरकर, ओतूरकर व्हायला हवे होते. ते झाले नाहीत. गुंजाळ गुंजाळच राहिले, बांगर बांगरच. कारण तोवर शाळेचा दाखला, मस्टर आणि पुढे रेशनकार्ड यांनी आडनाव गोठवले होते. याचा अर्थ असा की आज जे बेल्हेकर आहेत त्यांच्या पूर्वजांनी बहुधा आडनाव गोठण्याआधी, निदान ते गोठत असताना, बेल्हे सोडले. नंतर सोडणाऱ्यांच्या स्थलांतराची खूण त्यांच्या आडनावात सापडणार नाही. काळ ठरवण्याचे इतके सोपे साधन पुष्कळ दप्तरांतही मिळत नाही.

कोकण-गोव्याचे उदाहरण कोणी पुढे करील, की तिथे आपल्याच गावात राहणारेही ‘कर’ लावतात. खरे आहे. पण तिथली घरे पोर्तुगीजांच्या धर्मांतराच्या काळापासून इतकी हलली, परतली, पुन्हा हलली, की बाहेर मिळालेले नाव घेऊन गावी परतणे हीही एक रीत झाली असावी. देशावरच्या पुराव्याने मी एवढेच म्हणेन की परतलेल्याच्या नावातही जाण्याची खूण असतेच.

याहून अडचणीचा आहे तो सारख्या नावांच्या गावांचा प्रश्न. एकट्या जुन्नर तालुक्यात वडगाव आनंद, वडगाव कांदळी आणि वडगाव सहाणी आहेत, आंबेगावात वडगाव काशिंबेग आणि वडगाव पीर. दोन तालुक्यांत पाच वडगावे. एखादे वडगावकर घराणे यांतल्या कुठल्या वडगावचे, हे आडनाव सांगू शकत नाही. बेल्हे हे नाव असे पावलोपावली भेटत नाही, म्हणून बेल्हेकर हा पुरावा वडगावकरापेक्षा कितीतरी भक्कम. मात्र दोन बेल्हेकर म्हणजे भाऊबंद, असे धरून चालणे धोक्याचे. गावातून गेलेला शेतकरी बेल्हेकर होतो तसा कारागीरही होतो आणि कीर्तनकारही. नात्याचा निवाडा करायचा तर देवक आणि कुलदैवत जुळते का, हे आधी पाहिले पाहिजे.

जात झाकणारी आणि गाव दाखवणारी ही आडनावे समाजाच्या तळातल्या माणसांनी जाणीवपूर्वक घेतली, हे आंबेडकरांच्या उदाहरणावरून दिसतेच. बेल्ह्याच्या शेजारी याचे आणखी एक ठळक उदाहरण आहे. नारायणगावच्या भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा तमाशा महाराष्ट्रभर फिरला आणि विठाबाईंनी ते नाव राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत नेले. फलकावर जातही होती आणि गावही. पुढे लोकांच्या तोंडी राहिले ते विठाबाई नारायणगावकर. तंबू ज्या ज्या गावी लागला त्या त्या गावाने नारायणगावचे नाव घेतले. फिरस्त्या कलावंताइतके गावाचे नाव दूर नेणारा दुसरा कोण असणार? पण याच उदाहरणात आपल्या पद्धतीतली उणीवही दिसते. विठाबाईंना कलेमुळे वडिलांकडचे आडनाव टिकवता आले, एरवी लेकीचे आडनाव लग्नात जाते आणि तिच्या मुलांच्या नावात आजोळचा मागमूस राहत नाही. स्पेनमध्ये बाई लग्नानंतर आडनाव बदलत नाही आणि मुलाला वडिलांचे व आईचे अशी दोन्ही आडनावे मिळतात. बेल्ह्याच्या किती लेकी कुठल्या गावांत नांदायला गेल्या, याचा हिशेब आपली आडनावे ठेवत नाहीत. अर्धा इतिहास असा प्रत्येक पिढीत पुसला जातो, आणि ही हानी मला फार मोठी वाटते.

गावे पुसली जातात तेव्हा या नावांची किंमत आणखी वाढते. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणात गेले, तालुक्याचे ठाणे घोडेगावला आहे. आंबेगावकर आडनावाच्या कोणा घराचा या आंबेगावाशी संबंध असेल तर त्यांचे गाव आता नकाशापेक्षा त्यांच्या नावातच अधिक शिल्लक आहे.

म्हणून या दिवाळीत चार घरची माणसे एकत्र जमतील तेव्हा ज्यांच्या आडनावात गाव आहे त्यांनी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला दोन प्रश्न विचारावेत. आपण त्या गावाहून निघून आधी कुठे राहिलो, आणि आजीचे, पणजीचे माहेर कुठले. उत्तरे वहीत तारखेसह लिहून ठेवावीत. मग तहसील कचेरीतल्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी, त्र्यंबकेश्वर-नाशिक-पैठणच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या आणि कुलदैवताच्या पुजाऱ्यांकडची नामावळी यांच्याशी ती ताडून पाहावीत. मोडी वाचणारी माणसे अजून आहेत आणि मोडीचे वर्गही चालतात. बेल्हेकरवाडीच्या मंडळींनी बेल्ह्याशी आणि बेल्हेकरांनी बेल्हेकरवाडीशी एवढा पत्रव्यवहार केला तरी दोन तालुक्यांच्या इतिहासात एका प्रकरणाची भर पडेल. ते काम करणारे कोणी असतील तर त्यांनी जरूर लिहावे.